रिकाम्या नावेची उंची

वारंगा फाट्याला समुद्र कुठल्याही दिशेने जवळ नाही. अकोला, वाशिम, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर असं करत येणारा रस्ता इथे नागपूर, यवतमाळ, उमरखेड, हदगावकडून येणाऱ्या रस्त्याला मिळतो आणि मग दोघे मिळून अर्धापूर–नांदेडची वाट धरतात. फाट्याचा सगळा संसार या मिळण्यावर चालतो. चहा, भजी, पंक्चरची दुकानं, एसटीची वाट बघत पिशव्यांवर बसलेली माणसं. अर्धापूरची केळी वर जाते, वसमतची हळद जाते, विदर्भातला कापूस खाली येतो. अधूनमधून एखादा अजस्र ट्रेलर येतो. त्याच्या पाठीवर पवनचक्कीचं पातं असतं, नाहीतर वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर. टपरीवरची माणसं कप हातात धरून आधी त्याची चाकं मोजतात, मग मान वर करतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "हे पुढं निघंल का?"

प्रश्न वजनाचा नसतो, लांबीचाही नसतो. वजन पेलायला चाकं आहेत, लांबी वळवायला मागे माणूस चालतो आहे. प्रश्न उंचीचा असतो. वरून काहीतरी आडवं येणार आहे, त्याच्याखालून हे जाईल का?

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर इथे होडी आली. ट्रकवर. फायबरची, बाहेरून निळी, आतून पांढरी, इंजिन काढून ठेवलेलं. हौद्यात जुने टायर अंथरून तिला सरळ बसवली होती आणि नाळ केबिनच्या टपावरून पुढे आली होती. आमच्याकडे होडी अगदीच कुणी पाहिलेली नाही असं नाही. इसापूरच्या जलाशयात मासेमारी चालते, येलदरी–सिद्धेश्वरला चालते. पण पाण्यातली होडी अर्धीच दिसते. ही आख्खी दिसत होती, पोटासकट, आणि त्यामुळे आहे त्याच्या दुप्पट वाटत होती. पोरं भोवती जमली. ड्रायव्हर नगरकडचा होता. कुठे चालली म्हणून विचारलं तर "धरणावर" एवढंच म्हणाला आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत त्याला पुढच्या रस्त्याची साग्रसंगीत माहिती मिळाली. त्याने ती मागितली नव्हती. "मामा, पुढं रेल्वेखालची वाट बुटकी हाय," एकजण म्हणाला. "आलीकडं लोखंडी आडवं लावलंय, त्यालाच घासंल." रेल्वेची फाटकं बंद करून रुळांखालून ज्या ठेंगण्या भुयारी वाटा काढल्या आहेत, त्यातली एक. दोन्ही तोंडांना लोखंडी कमान उभी करतात, म्हणजे उंच गाडी पुलाला धडकण्याआधी कमानीला धडकावी. पुलाचा जीव वाचतो. गाडीचं गाडीवाल्याने बघावं.

ड्रायव्हरने कपातला शेवटचा घोट घेतला आणि उठून कामाला लागला. टपरीमागचा एक बांबू मागून घेतला आणि ट्रकशेजारी जमिनीवर उभा धरला. क्लीनर वर चढला. होडीची सगळ्यात उंच जागा कुठली हे त्याने डोळ्यांनी ठरवलं नाही, हात फिरवून ठरवलं. ती निघाली नाळेच्या टोकाशी दोर ओवायची लोखंडी कडी. कडीवर त्याने एक फळी आडवी टेकवली, ती बांबूला भिडली तिथे ड्रायव्हरने लाल चिंधी बांधली. मग चिंधीच्या वर चार बोटं मोजली आणि तिथे सुतळीची दुसरी गाठ मारली.

"ही चार बोटं कशाची?" मी विचारलं.

"रस्त्याची," तो म्हणाला. "गाडी काय उभी राहून जाणाराय का खालून? उडती ना ती."

आता हा बांबू घेऊन क्लीनर पुढे जाणार, कमानीखाली उभा धरणार, आणि गाठ जर खाली राहिली तर गाडी जाणार. नुसता मध्यभागी धरायचा नाही, कडेलाही धरायचा, कारण रस्ता मधे फुगलेला की कडेला खचलेला हे कमानीला माहीत नसतं. पाटीवर लिहिलेला आकडा मी त्याला सांगून पाहिला असता. पण तो आकडा पूल बांधला त्या दिवसाचा असतो. नंतर दर काही वर्षांनी खालच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर बसतो. पूल तिथेच राहतो, जमीन वर येते, आणि पाटी कुणी बदलत नाही.

जमलेल्यांपैकी एकाचं म्हणणं होतं की एवढं मोजायची गरजच नाही, सिमेंटच्या भरलेल्या गाड्या त्याच वाटेने जातात. ड्रायव्हर हसला. भरलेली गाडी जाते तिथून रिकामी जाईलच असं नाही, म्हणाला. माल असला की कमानपाटे दबतात, गाडी खाली बसते. माल उतरवला की तीच गाडी वर येते आणि जाताना जिथून निघाली तिथेच येताना अडकते. होडी दिसायला मोठी, वजनाला काहीच नाही. तिच्याने पाटे दबत नाहीत. एकाने चाकांतली हवा सोडायचा तोडगा सुचवला. हा तोडगा देशभर चालतो, पण हवा सोडलेल्या चाकांवर किती अंतर जायचं आणि पुढे हवा भरायची कुठे, हे सुचवणाऱ्याने सांगितलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "होडीत दगडं भरा की मग." सगळे हसले.

मला त्या हसण्यात सामील होता आलं नाही, कारण तो माणूस बरोबर बोलला होता. पाण्यावरचे लोक नेमकं हेच करतात.

रस्त्यावर या प्रश्नाने किती दमछाक होते याची दोन मोठी उदाहरणं आपल्याच राज्यातून निघालेली आहेत. जुलै २०१९ मध्ये एक प्रचंड ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवकाशयानाचे भाग तापवून-दाबून घडवायची भट्टी, महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाली. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर. ती पोचली जुलै २०२० मध्ये. चार राज्यं, एक वर्ष. वाटेत तारा उतरवल्या, झाडं छाटली, पुलांना वळसे घातले. दुसरं उदाहरण जरा केविलवाणं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून आसामकडे भंगारातलं विमान ट्रेलरवरून चाललं होतं, ते बिहारमध्ये मोतिहारीजवळ पिपराकोठीच्या पुलाखाली अडकलं. आयुष्यभर ढगांच्या वरून गेलेलं विमान एका उड्डाणपुलाखालून जाऊ शकेना.

तरी रस्त्यावर एक सोय आहे. वरचं छत हलत नाही आणि खालची जमीन, डांबराचे थर सोडले तर, हलत नाही. पाण्यावर जमीनच हलती असते. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उधाणाची भरती पाच मीटरच्या घरात जाते. त्याच जागी सहा तासांनी सुकती लागली की पाणी एका मजल्याहून जास्त खाली उतरलेलं असतं. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत हा फरक बराच कमी. म्हणजे एकाच पुलाखाली एकाच दिवसात निदान चार वेगवेगळ्या उंच्या असतात, आणि पुढच्या आठवड्यात त्या चारही बदलतात. सागरी नकाशे करणाऱ्यांनी यावर एक शहाणपणाची रीत ठरवली. पाण्याची खोली लिहायची ती जवळजवळ सर्वांत उतरत्या पाण्यावरून, आणि पुलाखालची उंची लिहायची ती चढत्या भरतीच्या पाण्यावरून. दोन्हीकडे वाईटात वाईट धरायचं. मग तांडेलाने आपला वेळ बघून त्यात भर घालावी, वजाबाकी त्याच्या नशिबी नको.

भर घालणं म्हणजे काय, तर सुकतीची वाट बघणं. डोलकाठी खाली घेता येत असेल तर घेणं. आणि जमलं तर नाव जड करणं. बार्जवाल्यांना हे पाठ असतं. खनिज किंवा वाळू भरलेली बार्ज पाण्यात खोल बसते आणि पुलाखालून निवांत जाते. तीच रिकामी परतताना पाण्यावर उंच येते आणि तेव्हा पूल आठवतो. म्हणून तळाच्या टाक्यांत पाणी भरून घेतात. आमच्या फाट्यावरचा दगडांचा सल्ला तो हाच. नावेची उंची किती, हा प्रश्नच अपुरा आहे. कधी, किती भरलेली, आणि किती वेगात, हे विचारल्याशिवाय उत्तर येत नाही.

वेग कुठून आला, असं वाटेल. उथळ पाण्यात जहाज जोरात निघालं की त्याच्या पोटाखालून पाणी वेगाने मागे सरकतं, तिथला दाब उतरतो आणि जहाज चक्क खाली बसतं. एरवी कप्तान या गोष्टीला भितो, कारण तळ घासतो. पण २००९ मध्ये 'ओएसिस ऑफ द सीज' हे अवाढव्य प्रवासी जहाज फिनलंडहून निघून डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून गेलं, तेव्हा याच भीतीचा उपयोग करून घेतला. जहाज पाण्यावर ७२ मीटर, पुलाखालची जागा ६५. धुराडी दुर्बिणीच्या नळ्यांसारखी आत ओढून घेतली, आणि वर वेग ठेवला, म्हणजे जहाज आणखी दबावं. दोन फुटांच्या आसपास जागा उरली. हिशेब असा असतो. आणि हिशेब नसतो तेव्हा काय होतं ते १७ मे २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये दिसलं. मेक्सिकोच्या नौदलाचं 'क्वाउतेमोक' हे शिडाचं प्रशिक्षण जहाज धक्क्यावरून निघालं आणि पुढे जायच्या ऐवजी मागे मागे ओढलं जाऊन ब्रुकलिन पुलाला भिडलं. डोलकाठ्या सुमारे ४८ मीटर, पूल सुमारे ४१. त्या पुलाखालून जायचं कुणाच्या मनातही नव्हतं, म्हणून कुणी मोजलंही नव्हतं. काठ्यांवर खलाशी सलामीला उभे होते. दोघे गेले.

हे सगळं समुद्राचं झालं. मराठवाड्यात आमचा पुलांशी संबंध उलट्या बाजूने येतो. इथे लोक पुलाखालून काय जाईल हे विचारत नाहीत. पुलावरून पाणी जातंय का, हे विचारतात. नदीचं पाणी पुलाला लागलं, की पुलावर आलं, की ओसरलं, एवढ्या तीन अवस्था आम्हाला ठाऊक. आसनेचा पूल, कयाधूवरचे पूल, ओढ्यानाल्यांवरचे फरशी पूल यांच्या बातम्या दर पावसाळ्यात याच तीन शब्दांत येतात. फरशी पूल तर बांधतानाच बुडणार हे धरून बांधलेला असतो. त्याच्याखालून होडी न्यायची कल्पना करणंही त्या बिचाऱ्या पुलावर अन्याय आहे.

पण जे उंच पूल आहेत, त्यांच्याखालची जागा कुणी आणि कशासाठी ठरवली? याचं उत्तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत आहे आणि ते वाचून मी बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत बसलो. उच्चतम पूरपातळीच्या वर पुलाच्या तळापर्यंत किती मोकळी जागा सोडायची, हे नदीच्या विसर्गावरून ठरतं. सेकंदाला ३० ते ३०० घनमीटर पाणी असेल तर ९०० मिलिमीटर. ३०० ते ३००० असेल तर १२०० मिलिमीटर. त्याहून मोठी नदी असेल तर १५०० मिलिमीटर, आणि तक्ता तिथे संपतो. दीड मीटर. ही जागा कशासाठी? पुरात वाहून येणाऱ्या झाडासाठी, ओंडक्यासाठी, काडीकचऱ्यासाठी. बुंधा फांद्यांसकट तरंगत आला तर तो तुळईत अडकू नये, म्हणून. तक्ता करणाऱ्यांनी झाडाचा विचार केला आणि तो अगदी योग्य केला, कारण अडकलेलं झाड पूल पाडू शकतं. जिथे नौकानयन चालतं तिथे वेगळा हिशेब करा, असंही नियम सांगतात. आमच्या नद्यांना तो वेगळा हिशेब कधी लागला नाही.

आता या १२०० मिलिमीटरच्या फटीत होडी घालून पाहा. होडीत आडव्या फळीवर बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून तीन-चार फुटांवर येतं. १२०० मिलिमीटर म्हणजे चार फूट. म्हणजे ऐन पुरात, मोठ्या मानल्या जाणाऱ्या पुलाखालून, माणूस मान मोडून बसला तर जाईल. उभा राहून वल्हवणारा जाणार नाही. आणि पूर जर नियमातल्या आकड्याहून चढला तर कुणीच जाणार नाही.

आणि होडीची गरज आम्हाला पडते ती नेमकी तेव्हाच. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेड या जिल्ह्यांत असा पाऊस झाला की आठवडाभर त्याच्याशिवाय बोलणं नव्हतं. अशा वेळी बचाव पथकाच्या रबरी होड्या निघतात. त्या होड्या चालवणाऱ्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की पुराच्या पाण्यात वरच्या अंगाने पुलाजवळ जायचं नाही. कारण उंची एवढंच नाही. धार होडीला पुलाच्या खांबावर किंवा तुळईवर आडवी दाबते. आडव्या झालेल्या होडीची वरच्या बाजूची कड पाण्याच्या लोंढ्याखाली दबते, पाणी आत शिरतं, आणि मग होडी पुलाखालून जाते खरी, पण माणसांना घेऊन नाही. म्हणून होडी अलीकडे काठाला लावायची, उचलायची, रस्ता ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा पाण्यात घालायची. पुलाच्या बाबतीत बचाव पथकाचा हिशेब असा सरळ आहे: पुलाखाली जागा नाही असंच धरायचं. आणि त्या रेल्वेखालच्या भुयारी वाटा? त्या तर पहिल्याच मोठ्या पावसात तुंबतात. उन्हाळ्यात जिथून होडी ट्रकवर बसून जाऊ शकत नाही, तिथे श्रावणात होडीच लागावी अशी स्थिती.

झाडासाठी जागा ठेवणारा नियम माणसाला विसरला, अशी ओरड मला करायची नाही. नियम विचारतो तेवढंच बघतो. खालून कोण जातं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. वरळीच्या कोळ्यांनी सांगितलं.

मुंबईचा सागरी किनारा रस्ता वरळीला जिथे वांद्रे–वरळी सागरी सेतूला जोडायचा होता, तिथे क्लीव्हलँड बंदर आहे. वरळी कोळीवाड्याच्या होड्या याच तोंडातून समुद्रात जातात आणि याच तोंडातून परत येतात. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. महापालिकेचं म्हणणं, एवढं अंतर पुरेसं आहे. कोळ्यांची मागणी २०० मीटरची. २०२१ च्या अखेरीस त्यांनी होड्या घेऊन समुद्रातलं काम अडवलं.

बाहेरून पाहणाऱ्याला ही घासाघीस वाटली असेल. होडी सहा-सात मीटर रुंदीचीही नसते, तिला ६० मीटर कमी कसे पडतात? पण जो तिथून जातो त्याचं गणित वेगळं आहे. खांबांभोवती संरक्षक कठडे येतात, ते दोन्हीकडून जागा खातात. खांब उभे राहिले की त्यांच्यामधून पाणी पिळवटून वाहतं, भोवरे पडतात. पावसाळ्याच्या लाटेत होडी सरळ रेषेत जात नाही. ती डाव्या-उजव्या अंगाला फेकली जाते आणि तांडेल सुकाणूने तिला मधे आणत राहतो. त्यात समोरून दुसरी होडी परतत असते, मागून जाळं ओढलेलं असतं, कधी इंजिन बंद पडतं. इंजिन बंद पडलेली होडी किती मीटर वाहत जाईल, हे कुठल्याही आराखड्यात मावत नाही. सागरी सेतूच्या खांबांचा अनुभव कोळ्यांच्या गाठीशी होताच. बांबूवर चिंधीच्या वर चार बोटं सोडणारा ड्रायव्हर आणि खांबांमधे दोनशे मीटर मागणारा नाखवा एकच गोष्ट मागत असतात. फक्त नाखव्याची चार बोटं पाण्यावर मोजायची असल्याने लांब होतात.

डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. आठव्या क्रमांकाचा खांब रद्द झाला आणि सात ते नऊ असं १२० मीटरचं अंतर ठरलं. ६० आणि २०० यांच्या मधे १२० येतात, ते काही शास्त्रीय उत्तर नाही, वाटाघाटीचं उत्तर आहे. तरी दुप्पट जागा मिळाली. आणि मग अभियंत्यांना नवा पेच पडला. एवढा लांब गाळा साध्या तुळईने पेलत नाही. धनुष्याकृती पोलादी कमान करावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये पहिली कमान आली: १३६ मीटर लांब, सुमारे दोन हजार टन. ती आली तराफ्यावरून, समुद्रातून, भरती-ओहोटीचं गणित जमवून. होडीला जागा हवी म्हणून बांधलेला पूल स्वतः होडीत बसून आला. मला हा प्रकार फार आवडला. ज्यांनी काम अडवलं त्यांच्याच पाण्यावर, त्यांच्याच पंचांगाने, पुलाला यावं लागलं.

पुलाने वाकायचं की नावेने, हे शेवटी तिथे कोण आधी होतं आणि किती जोराने ओरडलं यावर ठरतं. पांबनला १९१४ सालीच रेल्वेपुलाचा मधला गाळा उघडता यावा अशी सोय केली होती, कारण जहाजं आधीपासून होती. ६ एप्रिल २०२५ ला तिथला नवा पूल सुरू झाला, त्याचा साडेबहात्तर मीटरचा गाळा सबंध उचलला जातो, १७ मीटर वर. आगगाडी थांबते, होडी जाते.

आमच्या बाजूलाही एकदा नाव येणार होती. ही गोष्ट फाट्यावर कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या अभियंत्याने आंध्रात गोदावरीवर बंधारा बांधला आणि पुढे त्याच्या डोक्यात आलं की ही नदी समुद्रापासून थेट वऱ्हाड-नागपूरच्या कापसापर्यंत नावांना खुली करावी. गोदावरीतून प्राणहिता, प्राणहितेतून वर्धा. वर्धेला मिळते पैनगंगा, आणि पैनगंगेला आमची कयाधू. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते, त्यांतला तिसरा आपल्या अहेरीच्या बाजूला देवलमरीजवळ. दुम्मागुडेमला बंधारा आणि नावा चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे बांधलेही गेले. पण १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. कापसाला पावसाळ्याची, पाण्याची, खडकांची वाट बघायची गरज उरली नाही. १८७१ मध्ये गोदावरीवरचं ते काम बंद केलं. ते पुरं झालं असतं तर पैनगंगेवरच्या पुलांचे आराखडे करताना कुणालातरी विचारावं लागलं असतं की शिडाची काठी किती उंच. कापसाने आगगाडी निवडली आणि आमच्या नद्यांवरच्या पुलांची उंची तिथेच ठरून गेली.

कागदावर मात्र नाव परत आली आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग जाहीर केले. त्यात मांजरा आहे, नागपूरची नाग नदीसुद्धा आहे, आणि पैनगंगा–वर्धा ही जोडीही आहे. जाहीर झालेल्या जलमार्गावर नवा पूल बांधायचा तर अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची ना हरकत घ्यावी लागते, म्हणजे खालून किती उंचीची नाव जाईल ते लिहावं लागतं. वरळीला होड्या डोळ्यांसमोर होत्या आणि त्यांना मोजून घ्यायला आंदोलन करावं लागलं. इकडे होडी नाही, पण तिच्या उंचीचा रकाना तयार आहे.

त्या ट्रकवाल्याने अखेर बांबू पुढे पाठवलाच नाही. पलीकडून लांबचा, पण मोकळा रस्ता आहे असं कळल्यावर त्याने डिझेलचा हिशेब मनात केला आणि गाडी फिरवली. बांबू टपरीवाल्याला परत दिला, चिंधी तशीच राहिली.

जलमार्गाची बातमी मी नंतर आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या भोई मामांना सांगितली. इसापूरला उभा जन्म जाळी टाकण्यात गेलेले. पैनगंगेच्या पुलाखालून नाव जाईल का, असं विचारलं. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, उमरखेडच्या वाटेवरचा पूल आठवून पाहिला आणि म्हणाले, "जाईल की सर. चैतात तर बैलगाडी जाती खालून. नाव कशात चालवायची तेवढं त्या कायदेवाल्याला इचारा."